ठराव, मालकी आणि रूढी : महाडचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस

स्थानिक स्वराज्यसंस्थांचा अभ्यास करताना कायदे, आयोगांचे अहवाल आणि करांची कोष्टके यांकडे जेवढे लक्ष पुरविले जाते, तेवढे त्या संस्था प्रत्यक्ष चालविणाऱ्या माणसांकडे पुरविले जात नाही. मुंबईच्या कॉर्पोरेशनचा इतिहास फिरोजशहा मेहतांना वगळून लिहिता येत नाही. पुणे नगरपालिकेच्या संदर्भात गोपाळ कृष्ण गोखले व न. चिं. केळकर यांची नावे आवर्जून घेतली जातात. परंतु तालुक्याच्या गावी दहा-वीस सभासदांच्या बैठकीत अध्यक्षस्थानी बसणारा, दिवाबत्ती, गटारे आणि जकात यांत ज्याची कारकीर्द सरे असा नगराध्यक्ष इतिहासाच्या नजरेतून सहसा निसटतो. सभागृहातील भिंतीवर टांगलेली तसबीर एवढाच त्याचा अवशेष उरतो. महाडचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे ह्या सामान्य नियमाला अपवाद होत. त्यांचे नाव टिकले ते एका तळ्यामुळे, आणि त्या तळ्याविषयी केलेल्या, पुढे रद्द झालेल्या एका ठरावामुळे. नगरपालिकेच्या ठरावाने काय साधते, काय साधत नाही, आणि ठराव निष्फळ ठरला तरी नगरपालिका ह्या संस्थेच्या केवळ अस्तित्वाने काय साधू शकते, ह्या तिन्ही प्रश्नांचा विचार करण्यास महाडइतके उपयुक्त दुसरे उदाहरण मराठी मुलखात क्वचितच सापडेल.

महाड हे तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील सावित्रीच्या काठचे जुने व्यापारी गाव. जवळच्या पाले येथील बौद्ध लेणी त्याच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. रायगडाच्या सान्निध्यामुळे शिवकालात त्याला महत्त्व आले. आणि बाणकोटच्या खाडीतून येणाऱ्या जलवाहतुकीमुळे घाटावरचा व किनाऱ्यावरचा माल येथे एकत्र येत असे. अशा गावी बाजार, कचेरी, न्यायालय, दवाखाना हे सारे असते, आणि म्हणून आसपासच्या खेड्यांतील लोकांना तेथे वारंवार यावे लागते. त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे लोकही होते. कोणी खरेदीसाठी, कोणी गावकामगार या नात्याने सरकारी कामासाठी येत. दिवसभर गावात राहणाऱ्या ह्या माणसांना पाणी मिळण्याची सोय मात्र गावात नव्हती. अस्पृश्यांच्या वस्तीतील विहीर बाजारपेठेपासून दूर होती. चवदार तळ्याचा प्रश्न समजून घेताना ही साधी भौगोलिक गोष्ट दृष्टीआड होता कामा नये. तो प्रश्न तत्त्वाचा होता, आणि त्याबरोबरच उन्हातान्हात पायपीट करून आलेल्या माणसाच्या तहानेचाही होता.

ह्याच परिसरात अस्पृश्योद्धाराच्या चळवळीची एक जुनी परंपरा होती. महाड व दापोली या भागांत लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची वस्ती मोठी होती. त्यांपैकी गोपाळबाबा वलंगकर यांची १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यास स्पृश्य सभासदांनी हरकत घेतली होती. स्थानिक स्वराज्य आणि अस्पृश्यता यांची गाठ महाडात पडली ती अशा रीतीने टिपणीसांच्या कितीतरी आधी. पुढच्या पिढीत दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांनी हा वारसा चालविला, आणि १९२७ ची परिषद महाडात भरविण्याच्या खटपटीत त्यांचा वाटा मोठा होता.

टिपणीस हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील. कोकणात हा समाज लेखणीच्या कामासाठी प्रसिद्ध. खुद्द 'टिपणीस' हे आडनाव मराठेशाहीतील लेखनविषयक हुद्द्यावरून आलेले आहे. जिल्ह्यात ते 'सुरबानाना' ह्या नावाने ओळखले जात. त्यांच्याच समाजातील अनंतराव चित्रे आणि सोशल सर्व्हिस लीगचे कार्यकर्ते गं. नी. सहस्रबुद्धे ह्यांच्यासह जो लहानसा स्पृश्य गट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठीशी उभा राहिला, त्यात टिपणीसांचे स्थान वेगळे होते. चित्रे व सहस्रबुद्धे हे कार्यकर्ते होते. टिपणीस हे अधिकारपदावर होते. महाडची निवड परिषदेसाठी का झाली, ह्याचे एक कारण ह्या गटाचे अस्तित्व हेच होय, आणि नगरपालिकेचा अध्यक्ष आपल्या बाजूचा असणे ही त्यातील जमेची मोठी बाजू होती.

परंतु हे अधिकारपद होते तरी केवढे? मुंबई इलाख्यातील लहान गावांच्या नगरपालिका १९०१ च्या जिल्हा नगरपालिका अधिनियमाखाली चालत. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने बिनसरकारी अध्यक्षाचे तत्त्व मान्य झाले होते खरे. तथापि कित्येक वर्षे कलेक्टर अथवा त्याचा दुय्यम हाच अनेक ठिकाणी अध्यक्षपदी असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हे चित्र हळूहळू पालटले आणि सभासदांनी आपल्यातून निवडलेले अध्यक्ष सर्वत्र दिसू लागले. मताधिकार करांशी व मालमत्तेशी निगडित होता. ज्याच्या नावे घर नाही, ज्याची करपात्र मिळकत नाही, त्याला नगरपालिकेच्या कारभारात आवाज नव्हता. साहजिकच सभासद निवडून येत ते पेठेतील व्यापारी, वकील, सावकार व घरमालक ह्या वर्गांतून, म्हणजे महाडच्या बाबतीत ज्यांची घरे चवदार तळ्याभोवती होती त्याच वर्गांतून. अध्यक्ष विनावेतन काम करी, बहुमतावर निवडून येई, आणि बहुमत फिरले की त्याच्या धोरणाचा आधार निखळे.

ह्या पदाची मर्यादा नीट ध्यानात येण्यासाठी त्याच काळातील जर्मन नगराध्यक्षाशी तुलना उद्बोधक ठरते. प्रशियात १८०८ च्या श्टाइन यांच्या नगरविषयक कायद्यापासून शहरांना स्वायत्ततेची परंपरा लाभली होती. ऱ्हाइन प्रांतात तर नगराध्यक्ष, म्हणजे ब्युर्गरमाइस्टर, हा प्रतिनिधिसभेचा अध्यक्ष व कार्यकारी प्रमुख अशा दोन्ही नात्यांनी काम पाही. तो बारा वर्षांसाठी निवडला जाई, पगारी असे, आणि बहुधा कायद्याचे रीतसर शिक्षण घेतलेला व्यावसायिक प्रशासक असे. कॉनराड आडेनॉअर हे ह्या परंपरेचे ठळक उदाहरण. १९०६ मध्ये ते कोलोनच्या नगरप्रशासनात दाखल झाले, १९१७ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी तेथील मुख्य नगराध्यक्ष झाले आणि १९३३ पर्यंत त्या पदावर राहिले. ह्या सोळा वर्षांत कोलोनचे विद्यापीठ १९१९ मध्ये पुन्हा सुरू झाले, शहराभोवती हरित पट्टा आखला गेला, ऱ्हाइनवर म्युलहाइमचा पूल बांधला गेला. अशा नगराध्यक्षाने एखादी गोष्ट ठरविली की ती अमलात आणण्यास कर्ज, कर्मचारी, जमीन आणि बारा वर्षांची मुदत हे सारे त्याच्या हाताशी असे.

महाडच्या अध्यक्षापाशी ह्यांपैकी काहीच नव्हते. अर्थात ह्या तुलनेलाही दुसरी बाजू आहे. प्रशियात १९१८ पर्यंत मतदानाची त्रिवर्गीय पद्धत होती आणि कराच्या प्रमाणात मताचे वजन ठरे; तेव्हा तेथील नगरसत्ताही संपन्नांचीच होती. शिवाय शासनाच्या मान्यतेवर उभ्या असलेल्या त्या बलाढ्य पदावरून आडेनॉअर यांना नाझी राजवटीने मार्च १९३३ मध्ये दूर केले ते अक्षरशः रातोरात. तथापि भेद उरतोच. जर्मन नगराध्यक्षाची शक्ती पदात होती. महाडच्या नगराध्यक्षाची शक्ती, जी काही होती ती, केवळ ठरावात होती.

तो ठराव कोठून आला हे पाहू. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविले आणि मुंबईच्या कायदेकौन्सिलात सामाजिक प्रश्नांवर ठराव मांडण्यास अवसर मिळाला. भंडारी समाजाचे पुढारी सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी असा ठराव संमत करून घेतला की, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालविलेल्या, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य वर्गांना मोकळीक असावी. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने आपल्या खात्यांना त्यानुसार वागण्याचा आदेश दिला. ठरावाची शब्दयोजना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. त्यात धर्म नाही, जातिभेदावर टीका नाही, समतेचे तत्त्वज्ञान नाही. कसोटी एकच : पैसा कोणाचा आणि ताबा कोणाचा. जे सार्वजनिक पैशाने चालते ते सर्वांचे, इतकेच बोले यांनी म्हटले. पण हे 'इतकेच' पुढे निर्णायक ठरावयाचे होते.

नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्यावर हा आदेश थेट बंधनकारक नव्हता. त्यांना शिफारस करण्यात आली आणि बहुतेकांनी ती दप्तरी दाखल करून ठेवली. महाड नगरपालिकेने मात्र जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांस खुले असल्याचे जाहीर केले. टिपणीस यांचे नाव इतिहासात ह्या धोरणाशी कायमचे निगडित झाले आहे. एका तालुक्याच्या गावच्या नगरपालिकेने इतक्या लवकर असे पाऊल उचलावे ही गोष्ट लहान नव्हे.

तळे स्वतः चार ते पाच एकरांचे. चोहो बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, आणि रस्त्यांपलीकडे मुख्यतः सवर्ण हिंदूंची घरे. काही घरमालकांनी काठाला पायऱ्या व बांध घातलेले. पाणी पावसाचे आणि काही झऱ्यांचे. मुसलमान त्याचा उपयोग करीत, गुरेढोरे तेथे पाणी पीत. मज्जाव होता तो अस्पृश्यांस. त्यांचे एकही घर तळ्याच्या जवळपास नव्हते. ठराव झाला तरी ह्या स्थितीत काडीचाही फरक पडला नाही. स्पृश्यांचा विरोध होता आणि नगरपालिकेने तो मोडून काढण्याचा प्रयत्न केला नाही. १९२४ च्या जानेवारीपासून १९२७ च्या मार्चपर्यंत, तीन वर्षांहून अधिक काळ, ठराव कागदावर राहिला. दरम्यान ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांना कौन्सिलात दुसरा ठराव मांडावा लागला. ज्या संस्था पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांची सरकारी अनुदाने रोखावीत, अशी शिफारस त्यात होती. अंमलबजावणीची उणीव केवळ महाडची नव्हती, हे ह्यावरून स्पष्ट होते.

ह्या निष्क्रियतेचा दोष टिपणीसांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. नगराध्यक्षाजवळ पोलीस नव्हते. शांततारक्षण हे मॅजिस्ट्रेटचे, म्हणजे सरकारचे काम होते. तळ्यावर पाणी भरणाऱ्या अस्पृश्याला मारहाण झाली तर नगरपालिकेने फार तर तक्रार करावी. शिवाय ज्यांच्या मतांवर सभासद निवडून यावयाचे त्यांच्याच दाराशी हा ठराव अमलात आणावयाचा होता. ठराव करण्यास सभागृहात एक दिवसाचे बहुमत पुरते. तो पाळण्यास गावात रोजचे बहुमत लागते, आणि ते नव्हते. मात्र ठराव निरुपयोगी ठरला असेही नव्हे. त्याने एक गोष्ट केली : तळ्यावर जाणाऱ्यास कायद्याच्या भाषेत बोलण्याची जागा करून दिली.

तिचा उपयोग १९२७ मध्ये झाला. १९ व २० मार्च रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेसाठी लागणारे पाणी सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले, हा तपशील डॉ. आंबेडकरांनीच नोंदवून ठेवला आहे. ज्या गावच्या नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी तळे खुले केले त्याच गावात पाणी विकत घेण्याचा हा प्रसंग ठरावाच्या स्थितीवर पुरेसा प्रकाश टाकतो. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी नगरपालिकेच्या ठरावाची आठवण करून देऊन सर्वांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. प्रतिनिधी रांगेने चवदार तळ्यावर गेले, डॉ. आंबेडकरांनी पाणी घेतले व त्यांच्यामागून इतरांनी घेतले. पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली, परतणाऱ्या व जेवणास बसलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, अनेकजण जखमी झाले. मागाहून पंचगव्याने भरलेल्या एकशे आठ घागरी तळ्यात ओतून त्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयाने कारावासाची शिक्षा दिली.

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण झाली होती, हा योगायोग लक्षात येतो. नगराध्यक्षाच्या अधिकाराची कक्षा ह्या एका घटनेने जितकी स्पष्ट होते तितकी कोणत्याही अधिनियमाच्या वाचनाने होणार नाही. धोरण अध्यक्षाच्या मनात असते, ठराव मात्र सभागृहाचा असतो, आणि सभागृह जे देते ते परतही घेऊ शकते.

परंतु खरोखरच घेऊ शकते काय? येथे स्थानिक स्वराज्याच्या अभ्यासकांनी थोडे थांबावयास हवे. ठराव दोन प्रकारचे असतात. काही ठरावांनी नवा हक्क निर्माण होतो. उदाहरणार्थ, एखाद्या मोकळ्या जागेवर आठवडेबाजार भरविण्याची परवानगी. असा ठराव रद्द झाला की हक्कही संपतो. दुसऱ्या प्रकारचे ठराव पूर्वीपासून असलेला हक्क केवळ जाहीर करतात. सार्वजनिक रस्त्यावरून सर्वांनी चालावे, असा ठराव नगरपालिकेने केला काय आणि रद्द केला काय, रस्त्याचे सार्वजनिकत्व त्यामुळे वाढत नाही की घटत नाही. चवदार तळे सार्वजनिक असेल तर १९२४ चा ठराव दुसऱ्या प्रकारचा होता, आणि मग १९२७ च्या माघारीने अस्पृश्यांचा हक्क नष्ट होण्याचे कारण नव्हते. ते खाजगी असेल तर दोन्ही ठराव सारखेच व्यर्थ. म्हणजे वादाचे मूळ ठरावात नसून मालकीत होते. महाडच्या सनातनी पक्षाने हे अचूक ओळखले असे दिसते, कारण नगरपालिकेकडून ठराव मागे घेतला गेल्यावरही त्याचे समाधान झाले नाही. तो दिवाणी न्यायालयात गेला.

नरहरी दामोदर वैद्य आदी वादींनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या न्यायालयात डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दावा दाखल केला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबरपासून दुसरी परिषद व सत्याग्रह व्हावयाचा होता. सुमारे दहा हजार लोक जमले. गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. ह्याच परिषदेत सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले, आणि डॉ. आंबेडकरांनी आपल्या भाषणात ह्या सभेची तुलना फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेशी केली. तळ्यावर जाणे मात्र स्थगित करण्यात आले. मनाई हुकूम न्यायालयाचा होता, आणि त्याचा भंग म्हणजे सरकारशी झगडा. त्याऐवजी गावातून मिरवणूक काढून परिषद संपविण्यात आली. रस्त्यावरचा लढा येथे थांबला आणि दप्तरातला सुरू झाला. तो जवळजवळ दहा वर्षे चालला.

वादींचे म्हणणे दुहेरी होते : एक तर तळे खाजगी स्वरूपाचे, सवर्णांच्या मालकीचे आहे, आणि तसे नसले तरी अस्पृश्यांनी ते न वापरण्याची रूढी अनादी आहे. महाडच्या दुय्यम न्यायाधीशांनी १९३१ मध्ये दावा अमान्य केला. अपील गेले ते ठाण्यास. कुलाबा जिल्हा ठाणे जिल्ह्यातून १८६९ मध्ये वेगळा झाला असला तरी दिवाणी अपिलांसाठी कोकणच्या ह्या भागाची वाट ठाण्याकडेच जाई. ठाण्याच्या सहायक न्यायाधीशांनी १९३३ मध्ये महाडचा निर्णय कायम केला, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळले.

निकालाची मांडणी सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी निराश करील. अस्पृश्यतेचा निषेध त्यात नाही. तळे सरकारी असून नगरपालिकेच्या ठायी निहित झाले आहे, ह्या मुद्द्यावर खालच्या न्यायालयांत मालकीचा दावा टिकला नव्हता. उच्च न्यायालयासमोर उरला तो मुख्यतः रूढीचा प्रश्न. इंग्रजी विधिपरंपरेनुसार रूढीला कायद्याचे बळ येण्यास ती अनादी, निश्चित व अखंड असावी लागते. तळे निदान अडीचशे वर्षांचे जुने आहे, हे उभयपक्षी मान्य होते. अलीकडच्या काळात अस्पृश्यांनी ते वापरले नाही, हेही सिद्ध झाले. परंतु न वापरणे आणि वापरण्यास हक्काने बंदी असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहिली त्यापूर्वी त्याच्या पाण्यावर एकाच वर्गाने हक्क सांगण्याचा प्रयत्न केला असेल हे संभवनीय नाही, असा न्यायालयाचा तर्क होता. वहिवाट दिसली ती अलीकडची. अनादित्व सिद्ध झाले नाही. ही रूढी गैरवाजवी अथवा लोकहितविरोधी आहे काय, ह्या प्रश्नाचा निर्णय करण्याची मग आवश्यकताच उरली नाही, असे म्हणून न्यायालयाने तो बाजूला ठेवला.

निकालाचा आधार १९२४ चा ठराव नव्हता, आणि १९२७ ची माघारही नव्हती. तरीही त्यात नगरपालिकेचा वाटा आहे, आणि तो नगराध्यक्षाच्या इच्छेहून अधिक खोल जाणारा आहे. गावात १८६० च्या दशकापासून नगरपालिका होती. तळ्याभोवतीचे रस्ते तिचे होते. कायद्याने सार्वजनिक तळी तिच्याकडे निहित केली होती. ज्या सभासदांनी ठराव रद्द केला त्यांच्याच संस्थेचे अस्तित्व सवर्णांच्या मालकीहक्काच्या आड आले. नगरपालिकेच्या सभेने दिलेले सभेने परत घेतले. पण नगरपालिका असण्याने जे सार्वजनिक झाले होते ते परत घेणे सभेच्या हाती राहिले नव्हते.

ह्या भेदाचे महत्त्व देवळांच्या सत्याग्रहांशी तुलना केली असता अधिक उठून दिसते. पुण्यातील पर्वतीचा सत्याग्रह १९२९ मध्ये व नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० मध्ये सुरू झाला. नाशिकचा लढा तर कित्येक वर्षे चालला. त्यात भाग घेणारांची संख्या व त्याग महाडहून कमी नव्हता. परंतु देऊळ पंचांच्या, पुजाऱ्यांच्या अथवा विश्वस्तांच्या ताब्यात असते. बोले यांच्या ठरावातील 'सार्वजनिक पैसा' ही कसोटी त्यास लागू पडत नाही. मुंबई इलाख्यात देवळे खुली होण्यास १९४७ च्या स्वतंत्र कायद्याची वाट पाहावी लागली. तळ्यासाठी नवा कायदा लागला नाही. जुन्या कायद्याचा अर्थ लागण्यास दहा वर्षे लागली, एवढेच.

टिपणीसांची सार्वजनिक कारकीर्द नगरपालिकेपुरती राहिली नाही. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. राखीव जागांखेरीज सर्वसाधारण जागांवर त्या पक्षाने जे मोजके सवर्ण उमेदवार उभे केले त्यांत चित्रे, शामराव परुळेकर व टिपणीस हे होते, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईच्या विधिमंडळात निवडून आले. चवदार तळ्याचा अंतिम निकाल लागला तोही ह्याच वर्षी. विधिमंडळातील ह्या गटापुढचा प्रश्न मात्र पाण्याचा नव्हता, जमिनीचा होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. खोतीच्या जिल्ह्यातील प्रतिष्ठित कायस्थ कुटुंबातील माणसाने प्रथम तळ्याच्या व नंतर जमिनीच्या प्रश्नात प्रस्थापितांविरुद्ध उभे राहावे, ह्याची सामाजिक किंमत काय पडत असेल याची कल्पना कोकणातील गावगाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सहज येईल. शहरातील सुधारकाला सभा संपली की घरी जाता येते. तालुक्याच्या गावी घर आणि सभा एकाच आळीत असतात. पुढील काळात 'दलितमित्र' म्हणून त्यांचा गौरव झाला.

बोले यांच्या ठरावातील कसोटीचा पुढचा प्रवासही नोंदविण्याजोगा आहे. भारताच्या संविधानातील पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या उपयोगाबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणावरही निर्बंध असू नये, असे म्हटले आहे. ह्या जागा कोणत्या, तर ज्या पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेल्या आहेत, अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या आहेत. १९२३ च्या ठरावातील पैशाची कसोटी येथे जवळजवळ तशीच आढळते. भर पडली आहे ती 'अंशतः' आणि 'अर्पण' ह्या दोन शब्दांची. काठच्या घरमालकांनी आपल्या पदरच्या पैशाने पायऱ्या व बांध घातले, म्हणून तळे त्यांचे होते काय, हा महाडच्या वादातील एक कळीचा मुद्दा होता. 'अंशतः' ह्या एका शब्दाने त्याचा निकाल संविधानापुरता लावून टाकला आहे.